रस्ता स्वच्छ कोण ठेवते?

विद्यार्थी मित्रांनो, शाळा सुटल्यावर घरी जाताना तुम्ही कधीतरी खारे शेंगदाणे विकत घेतले असतील. शेंगदाणे संपतात आणि हातात कागदाची रिकामी पुडी उरते. ही पुडी तुम्ही कुठे टाकता? "कचऱ्याच्या डब्यात," असे तुम्ही लगेच सांगाल. उत्तर बरोबर आहे. पण जवळपास डबाच नसेल तर? किंवा डबा आहे, पण तो काठोकाठ भरला आहे आणि कचरा खाली सांडतो आहे, तर?

अशा वेळी बरेच लोक म्हणतात, "नगरपालिकेने जास्त डबे ठेवले पाहिजेत. डबे वाढले की रस्ते आपोआप स्वच्छ होतील." हे म्हणणे खरे आहे का? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण जगातील काही शहरांच्या रस्त्यांवरून एक फेरफटका मारू या.

रस्ते स्वच्छ असावेत ही काळजी फार जुनी आहे. मध्ययुगात बगदाद, दमास्कस, कैरो अशा शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत असेल. बाजारातील वजने आणि मापे खरी आहेत की नाहीत हे तपासणे, हे त्याचे एक महत्त्वाचे काम होते. त्याचबरोबर लोकांनी रस्त्यात अडगळ करू नये, घाण टाकू नये, हेही तो पाहत असे. वाटेतील काटा किंवा दगड दूर करणे हे इस्लाममध्ये सत्कर्म मानले आहे. म्हणजे रस्ता हा सर्वांचा आहे आणि त्याची काळजी सर्वांनी घ्यायची आहे, हा विचार तेव्हाही होता.

पुढे शहरे वाढली. एकेका शहरात लाखो लोक राहू लागले. त्यांचा रोजचा कचरा कुठे टाकायचा, हा मोठाच प्रश्न निर्माण झाला. फ्रान्स देशाच्या राजधानीत, पॅरिसमध्ये, हा प्रश्न एका अधिकाऱ्याने सोडवायला घेतला. त्याचे नाव युजेन पुबेल.

१८८३ साली पुबेल पॅरिसचे प्रमुख प्रशासक झाले. त्या वेळी पॅरिसची लोकसंख्या वीस लाखांहून अधिक होती. लोक घरातील कचरा सरळ रस्त्यावर आणून टाकत. पुबेल यांनी त्याच वर्षी हुकूम काढला, की प्रत्येक इमारतीच्या मालकाने भाडेकरूंसाठी झाकण असलेला डबा ठेवलाच पाहिजे. एवढेच नाही, तर कचरा वेगवेगळा करून टाकावा, असेही त्यांनी सांगितले. कुजणारा कचरा एका डब्यात, कागद आणि चिंध्या दुसऱ्या डब्यात, काच आणि फुटकी भांडी तिसऱ्या डब्यात. आज आपण ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करा असे ऐकतो. ही कल्पना पॅरिसमध्ये शंभर वर्षांपूर्वीच मांडली गेली होती!

लोकांना हा हुकूम आवडला का? मुळीच नाही. घरमालक खर्चामुळे चिडले. वर्तमानपत्रांनी नव्या डब्याला थट्टेने 'पुबेलचा डबा' म्हणायला सुरुवात केली. आणि आणखी एक वर्ग फार घाबरला. तो म्हणजे कचरा वेचणारे गरीब लोक. हातात लोखंडी आकडी, पाठीवर टोपली आणि रात्रीसाठी कंदील घेऊन ते रस्त्यावरच्या ढिगांतून चिंध्या, हाडे, काच, कागद गोळा करत. चिंध्यांपासून कागद बनत असे आणि हाडांपासून गुंड्या. त्यावर हजारो कुटुंबांचे पोट चालत होते. कचरा डब्यात बंद झाला आणि सरकारी गाडीने नेला, तर आम्ही काय खायचे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी जोरदार विरोध केला. त्यांचा हा प्रश्न लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे पुन्हा येणार आहोत.

कचरा वेगळा करण्याचा नियम पॅरिसमध्ये फारसा पाळला गेला नाही. पण डबा मात्र टिकला. थट्टेने दिलेले नावही टिकले. आज फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल' असेच म्हणतात. एका माणसाचे नाव असे रोज लाखो लोकांच्या तोंडी येते, पण तो माणूस कोण होता हे मात्र फार थोड्यांना आठवते.

डबा आला, पण रस्ता झाडणार कोण? आता आपण अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथे मोटारी नव्हत्या. हजारो घोडे गाड्या ओढत. रस्त्यावर लीद, राख आणि कचरा यांचे थर साचत. १८९५ साली कर्नल जॉर्ज वेअरिंग यांच्याकडे रस्ते सफाईचे खाते आले. त्यांनी झाडणाऱ्या कामगारांना पांढरा शुभ्र गणवेश दिला. घाण साफ करणाऱ्याला पांढरे कपडे कशाला, असे म्हणून लोक हसले. पण वेअरिंग यांचे म्हणणे असे, की हा कामगार शहराचे आरोग्य राखतो. लोकांना तो दिसला पाहिजे आणि त्याला मान मिळाला पाहिजे. पुढच्याच वर्षी या कामगारांनी शहरातून संचलन केले. ज्यांची आधी टिंगल होत असे, त्यांचे लोकांनी कौतुक केले.

वेअरिंग यांनी आणखी एक गोष्ट केली. ती तुम्हांला आवडेल. त्यांनी शाळेतील मुलामुलींची स्वच्छता मंडळे स्थापन केली. त्या काळी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत दूरदूरच्या देशांतून आलेली कुटुंबे राहत. मोठ्या माणसांना इंग्रजी येत नसे. मुलांना मात्र शाळेमुळे येत असे. ही मुले घरी जाऊन आईवडिलांना त्यांच्या भाषेत नियम समजावून सांगत. आपल्या गल्लीत कुठे घाण साचली आहे, हेही ती कळवत. ज्याला दोन भाषा येतात, तो दोन्हीकडच्या माणसांच्या उपयोगी पडतो. उर्दू शाळेत मराठी शिकणाऱ्या तुम्हां मुलांना हे वेगळे सांगायला नको.

डबा आला, झाडणारा आला. तरीही लोक रस्त्यावर कचरा टाकतच राहिले तर? सिंगापूर या छोट्या देशाने त्यासाठी दंडाचा मार्ग धरला. १९६५ साली स्वतंत्र झालेल्या या देशात तीन वर्षांनी, म्हणजे १ ऑक्टोबर १९६८ रोजी, पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वच्छतेची मोठी मोहीम सुरू केली. शाळा, कारखाने, बाजार, सगळीकडे तिचा प्रचार झाला. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला दंड होऊ लागला. १९९२ साली तर देशात च्युइंग गम विकायला बंदी आली, कारण लोक ते चघळून कुठेही चिकटवत. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. वारंवार कचरा टाकणाऱ्याला भडक रंगाचे जाकीट घालून सार्वजनिक जागा झाडावी लागते, अशी शिक्षा ठेवण्यात आली. दंडाचे पैसे देऊन सुटणे सोपे असते. पण चार लोकांसमोर हातात झाडू घ्यावा लागला, की झाडणाऱ्याचे कष्ट कळतात.

सिंगापूरचे रस्ते आज जगात नावाजले जातात. पण ते फक्त दंडामुळे स्वच्छ राहत नाहीत. हजारो सफाई कामगार तेथे रोज काम करतात. त्यांत वृद्ध माणसेही बरीच दिसतात. आपण टाकले तरी कोणीतरी उचलेल, अशी सवय लोकांना लागू नये याची काळजी तेथील सरकारला अजूनही घ्यावी लागते. म्हणूनच २०२१ पासून सार्वजनिक भोजनगृहांत जेवणाऱ्याने आपले ताट स्वतः उचलून ठेवावे, असा नियम अमलात आला. न ठेवणाऱ्याला दंड होऊ शकतो.

आतापर्यंत आपण पाहिले, की शहरांनी डबे वाढवले. आता एक उलटी गोष्ट पाहू. काही शहरांना रस्त्यावरचे डबे काढून टाकावे लागले. का बरे? कारण डब्यात फक्त कचराच टाकतात असे नाही. १९९१ साली लंडनच्या व्हिक्टोरिया रेल्वे स्थानकावर एका कचऱ्याच्या डब्यात ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. १९९३ साली इंग्लंडमधील वॉरिंग्टन या गावात भर बाजारात असेच स्फोट झाले आणि दोन लहान मुले मृत्युमुखी पडली. त्या काळात लंडनच्या स्थानकांवरील डबे काढून घेण्यात आले. १९९५ साली पॅरिसमध्येही बाँबस्फोट झाले. त्यानंतर पुबेल यांच्या त्या शहरात लोखंडी डबे बंद करून रस्त्यावर कड्यांना पारदर्शक पिशव्या टांगल्या गेल्या. आत काय आहे ते पोलिसांना बाहेरून दिसावे, हा त्यामागचा हेतू होता.

जपानमध्ये तर याहून मोठा बदल झाला. २० मार्च १९९५ रोजी टोकियो शहराच्या भुयारी रेल्वेत काही लोकांनी विषारी वायू सोडला. अनेक प्रवासी मेले, हजारो आजारी पडले. त्यानंतर स्थानकांवरील आणि इतर सार्वजनिक जागांवरील डबे काढण्यात आले. पुढे काही ठिकाणी ते परत आले, पण बहुतेक रस्त्यांवर आले नाहीत. आज टोकियोला जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला खूप चालल्यावरही कचऱ्याचा डबा सापडत नाही. पेयाच्या बाटल्या विकणाऱ्या यंत्रांशेजारी फक्त रिकाम्या बाटल्यांसाठी खोके असते. आणि तरीही रस्ते स्वच्छ असतात!

हे कसे घडते? तेथील लोक आपला कचरा पिशवीत ठेवतात आणि घरी नेतात. घरी तो वेगवेगळा करून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी ठेवतात. ही सवय लहानपणापासून लागते. जपानमधील शाळांत मुले रोज आपला वर्ग आणि व्हरांडा स्वतः झाडतात, फरशी पुसतात. अनेक शाळांत स्वच्छतागृहसुद्धा मुलेच धुतात. यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण सगळेच ते करतात. आपणच झाडलेल्या वर्गात कागद टाकताना हात थांबतो.

पण जपानी माणसे जन्मतःच अशी आहेत, असे समजू नका. टोकियोतही एकेकाळी घाण होती. १९६४ साली तेथे ऑलिंपिक सामने होणार होते. पाहुणे येणार म्हणून शहर स्वच्छ करण्याची मोठी चळवळ करावी लागली. त्यानंतरही भांडणे झालीच. साऱ्या शहराचा कचरा गाड्यांतून कोतो नावाच्या भागातून समुद्राकाठी नेला जात असे. तेथील लोक दुर्गंधीने आणि माश्यांनी त्रासले होते. दुसरीकडे सुगिनामी नावाच्या भागात कचरा जाळण्याचा कारखाना उभारायचे ठरले, तेव्हा तेथील लोकांनी त्याला विरोध केला. कचरा आमचा, पण तो आमच्या भागात नको, असा हा प्रकार होता. १९७१ साली टोकियोच्या राज्यपालांनी 'कचऱ्याविरुद्ध युद्ध' जाहीर केले. १९७३ साली कोतोच्या लोकांनी सुगिनामीहून येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शेवटी सुगिनामीतही कारखाना उभा राहिला. ज्याचा कचरा, त्याची जबाबदारी, हा धडा टोकियोने असा भांडून घेतला आहे.

या भांडणातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. आपण कचरा 'टाकून दिला' असे म्हणतो, पण तो नाहीसा होत नाही. तो आपल्या नजरेआड जातो, एवढेच. रस्त्यावरचा डबा हे कचऱ्याच्या प्रवासातले फक्त एक स्थानक आहे. पुढे गाडी येते, मग कचरा डेपो येतो. त्या डेपोजवळही माणसे राहतात. त्यांच्याही घरात तुमच्याएवढी मुले असतात.

तैवान देशातील तैपेई शहराने या प्रवासातील मधले स्थानकच कमी केले. आपल्याकडे अनेक गावांत घंटागाडी येते. तैपेईत संध्याकाळी गाणारी गाडी येते! बेथोव्हेन या प्रसिद्ध जर्मन संगीतकाराची धून वाजवत ती गल्लीच्या तोंडाशी थांबते. लोक हातात पिशव्या घेऊन बाहेर येतात आणि कचरा थेट गाडीत टाकतात. कचरा जमिनीला लागताच कामा नये, हा तेथील नियम आहे. शिवाय २००० सालापासून तैपेईत एक युक्ती केली आहे. साधा कचरा फक्त सरकारी पिशवीतच टाकायचा आणि ती पिशवी विकत घ्यायची. कागद, काच, बाटल्या असा पुन्हा वापरता येणारा माल मात्र वेगळा दिला, तर त्याचे पैसे पडत नाहीत. जितका कचरा जास्त, तितका खर्च जास्त. त्यामुळे लोक आपोआप कचरा कमी करू लागले. रस्त्यावरचे डबे मात्र तेथे मुद्दाम कमी ठेवले आहेत, कारण पिशवीचे पैसे वाचवण्यासाठी काही जण घरचा कचरा त्यांत आणून टाकत.

ही झाली परदेशांची गोष्ट. आपल्या देशात असे काही घडले आहे का? घडले आहे. मध्य प्रदेशातील इंदूर शहर पाहा. होळकरांच्या या नगरीत मराठी माणसांची जुनी वस्ती आहे. देशातील शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली इंदूर पंचविसावे होते. २०१७ साली ते पहिले आले आणि पुढे अनेक वर्षे त्याने पहिला क्रमांक सोडला नाही. इंदूरने काय केले? चौकाचौकांतील मोठ्या कचराकुंड्या उचलून टाकल्या आणि प्रत्येक घरी गाडी पाठवली. कुंडीभोवती गाई, कुत्री, माश्या आणि दुर्गंधी असायची, ते सगळे कुंडीबरोबर गेले. पण हे शक्य झाले, कारण गाडी रोज येऊ लागली. गाडी रोज आली नसती, तर लोकांनी त्याच जागी पुन्हा ढीग केला असता.

आता पॅरिसच्या कचरा वेचणाऱ्यांचा प्रश्न आठवा. त्याचे एक चांगले उत्तर आपल्या पुण्याने शोधले. पुण्यातही हजारो गरीब लोक, विशेषतः स्त्रिया, कुंड्यांतून कागद आणि काच वेचून पोट भरत. १९९३ साली त्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभी केली. पुढे त्यांच्यातूनच 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. आता यांतील स्त्रिया कुंडीत हात घालत नाहीत. त्या घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात, त्याचे ठरलेले पैसे घेतात आणि सुका माल विकूनही कमावतात. त्यांच्याकडे ओळखपत्र असते. पॅरिसमध्ये डबा आला तेव्हा वेचणाऱ्यांना रोजगार जाण्याची भीती वाटली. पुण्यात वेचणाऱ्यांनाच शहराच्या सफाईच्या कामात जागा मिळाली.

मित्रांनो, आपला फेरफटका येथे संपतो. आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. डबे वाढवले, की रस्ते स्वच्छ होतात का? पॅरिसला डब्याचा उपयोग झाला, हे खरे. पण टोकियो डब्यांशिवाय स्वच्छ राहते आणि भरून वाहणारा डबा रस्ता अधिकच घाण करतो. रस्ता स्वच्छ राहण्यासाठी अनेक गोष्टी जुळून याव्या लागतात. डबा किंवा गाडी वेळेवर रिकामी झाली पाहिजे. नियम सर्वांना सारखाच लागू झाला पाहिजे. सफाई करणाऱ्याला पुरेसे वेतन आणि मान मिळाला पाहिजे. आणि प्रत्येकाला आपल्या कचऱ्याची जबाबदारी आपली वाटली पाहिजे. यांतील पहिल्या तीन गोष्टी नगरपालिकेकडून आपण हक्काने मागायच्या आहेत. तुमच्या गल्लीत गाडी येत नसेल, तर तसा अर्ज मराठीतून लिहिण्याइतके मराठी तुम्हांला आता येते. चौथी गोष्ट मात्र कोणाकडे मागायची नाही. ती आपल्याच हातात आहे.

जवळ डबा नसेल, तर शेंगदाण्यांची पुडी खिशात ठेवा. घरी ओला आणि सुका कचरा वेगळा करा. आणि घरात काचेचा पेला फुटला, तर त्याचे तुकडे तसेच डब्यात टाकू नका. जाड कागदात नीट गुंडाळा आणि वरून दोरा बांधा. कारण आपण डब्यात टाकलेली प्रत्येक वस्तू पुढे कोणाच्या ना कोणाच्या हातात जाते. तो हात आपल्याला दिसत नाही, पण काच लागली तर त्यातूनही रक्त येते.